समोरच्या काठाची वीज

त्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या पारूकाकूंनी स्वप्नात लाँच चालवली.

पारूकाकूंचं वय एकोणऐंशी. लाँचच्या चाकाला त्यांनी जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. उलट लाँचमध्ये बसल्या की तोंडावर पदर घ्यायच्या आणि काठ येईपर्यंत देवीचा धावा करायच्या. आणि त्या सकाळी त्या माझ्या वीजघराच्या दारात उभ्या राहून मला शिकवत होत्या, "धक्क्याला लावताना आदी इंजान उलटं मारायचं, प्रणोती. मंग दोर टाकायचा. न्हायतर लाँच धडाकती." हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते अगदी बरोबर होतं. मी चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

पिंपरटोक ही अकरा घरांची वाडी. तीन बाजूंना धरणाच्या फुगवट्याचं पाणी आणि चौथ्या बाजूला जंगल. धरणाची वीज कुठल्या कुठे जाते, पण धरणाच्या पाठीमागे आम्ही राहतो याची तिला खबर नसावी. २०४६ साल उजाडलं तरी आमच्याकडे एक खांब आला नाही. म्हणून आमची वीज आम्हीच करतो. देवळामागच्या उतारावर सोलरचे पत्रे, वीजघरात बॅटऱ्या, आणि भिंतीवर दप्तराएवढं एक राखाडी यंत्र, इन्व्हर्टर-चार्जर. ते सांभाळणारी मी. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली वाडीतली एकुलती एक बाई. माझं वय अडतीस, आणि वाडीतली सर्वांत तरुण मीच. बाकी सगळी साठीच्या पुढची.

हे यंत्र मला फार आवडतं. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते. यंत्र तिला हेलकावे देतं, सेकंदाला पन्नास. वायरमन लोक त्याला सायकल म्हणतात. मग ती दिव्यांच्या, मिक्सरच्या कामाची होते. पण त्याचा खरा गुण पुढे आहे. बॅटरी उतरली की ते बाहेरून येणारी वीज घेऊ बघतं. मात्र आली म्हणून लगेच आत घेत नाही. अनोळखी माणसाला आधी ओसरीवर बसवावं तसं तिला वीस सेकंद बसवून ठेवतं. दाब ठीक आहे का, सायकल पन्नासच्या जवळपास आहे का, ते बघतं. पटलं की स्वतःचे हेलकावे थोडे थोडे सरकवत तिच्या हेलकाव्यांशी जुळवून घेतं. दोन्ही पावलं एकत्र पडायला लागली की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारी कळ, मिटतो. टक. वाडीतला एकही दिवा लुकलुकत नाही. तिथून पुढे यंत्र स्वतःचा ताल सोडून बाहेरच्या विजेच्या तालावर चालतं. ती वीज गेलीच, तर पापणी लवायच्या आत पुन्हा आपलं आपण उभं राहतं. इतकं समजूतदार वागणं मी माणसांत फारसं बघितलेलं नाही. माझ्यात तर नाहीच नाही.

बाहेरची वीज आम्हाला येते समोरच्या काठावरून, तळकड्याहून. मधे पाऊण किलोमीटर पाणी, आणि पाण्याखालून केबल. आमच्याकडे ऊन आहे, त्यांच्याकडे ओढा. ओढ्यावर एक छोटं टर्बाइन आहे. थंडीत दहा-दहा वाजेपर्यंत धुकं उठत नाही, आमच्या बॅटऱ्या अर्धपोटी राहतात आणि पहाटे चारच्या सुमाराला माना टाकतात. मग ओढ्याची वीज लागते. ही केबल मी आणि रोहिदासने मिळून टाकली होती. रोहिदास म्हणजे माझा नवरा. टर्बाइन तो सांभाळतो, आणि गेली चार वर्षं तिकडेच मामाच्या घरी राहतो.

आयटीआयपासून मी त्याला तू म्हणत आले. लग्नानंतर चारचौघांत अहो आणि घरात तू. या चार वर्षांत मात्र यातलं काहीच म्हणाले नाही. आमचं बोलणं वायरलेसवर, आणि तेही असं: "जाळीत पाला अडकलाय, धा मिनटं बंद ठेवतो." "बरं."

कारण सांगते, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. माझ्या वडिलांना, आबांना, एका पहाटे छातीत दुखायला लागलं. मी आदल्या दिवशी कामाला तालुक्याला गेले होते. निरोप मिळाला तशी रुग्णवाहिका घेऊन रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या धक्क्यावर येऊन उभी राहिले. रोहिदासने आबांना आपल्या लाँचमध्ये घातलं आणि निघाला. अर्ध्या वाटेत धुकं उतरलं, आणि त्याने लाँच थांबवली. चाळीस मिनिटं. मला धक्क्यावर इंजिनाचा आवाज आधी ऐकू आला होता, मग तो बंद पडलेला ऐकू आला. धुकं उठून लाँच आली तेव्हा आबा गेले होते. "का थांबलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "दिसत न्हवतं." एवढंच. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, की माझ्या बापाला तू धुक्यात मारलंस. तेराव्यानंतर तो कपडे घेऊन समोरच्या काठाला गेला.

आता निजपट्टीचं सांगते, म्हणजे पारूकाकूंच्या लाँचचा उलगडा होईल.

म्हातारपणी झोप पातळ होते. तरुण मेंदूत गाढ झोपेत संथ लाटा उठतात, सेकंदाला एकाहून थोड्या कमी. त्या वयाबरोबर विरत जातात आणि त्यांच्याबरोबर दिवसाच्या आठवणीही निसटतात. निजपट्टी ही उशाखाली घालायची मऊ पट्टी. ती रात्रभर ऐकू येईल न येईल असा ठोका देते आणि मेंदूच्या लाटांना पुन्हा तालावर आणते. त्याच वर्षी एका आरोग्य योजनेतून दोन्ही काठांच्या घराघरांत त्या आल्या. मी त्यांच्या नीट चालण्याची जबाबदारी घेतली, म्हणून एक मलाही मिळाली, तशीच तिकडे रोहिदासलाही. शेजारी शेजारी झोपलेल्या दोघांचे ठोके वेगवेगळे पडले तर दोघांचीही झोप मोडते. म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली: पट्टीला ठोका द्यायचा तो विजेच्या तालावरून. पन्नासला चौसष्टने भागा, सेकंदाला पाऊण ठोका. एका तारेवरच्या सगळ्या पट्ट्या आपोआप एका तालात.

पण पट्टी नुसता ठोका देत नाही, झोपणाऱ्याचा मेंदू ऐकतेही. आणि ऐकता ऐकता कणभर वीज कमी-जास्त ओढते. ती थरथर तारेवर उतरते. ताल वेगळे असतील तर ती पाण्यावरच्या रेघेसारखी पुसून जाते. ताल एक असला, की दुसरी पट्टी तिला आपल्याच माणसाची समजते आणि त्याच्या उशाशी वाजवते. पुढे पुण्याहून तपासायला आलेल्या एका बाईंनी हे मला कागदावर काढून दाखवलं. त्या वेळी मला एवढंच कळलं होतं, की पहाटे माझ्या यंत्राचा रिले टक करून मिटतो आणि त्यानंतर आमची वाडी समोरच्या काठाची स्वप्नं बघते.

सुरुवातीला सगळ्यांना मौज वाटली. ज्यांनी उभ्या आयुष्यात ओढ्यातले खेकडे खाल्ले नव्हते त्यांना तोंडात चव घेऊन जाग यायची. तळकड्याच्या म्हाताऱ्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या आमच्या देवळाच्या पायऱ्या बरोबर मोजून सांगायच्या. मग सखारामनानांना स्वप्नात एक हिरव्या लुगड्यातली बाई दिसली आणि त्यांनी भोळेपणाने ते न्याहारीला बायकोला सांगितलं. तिने दोन दिवस अबोला धरला. स्वप्न नानांचं नव्हतंच, पलीकडच्या कुठल्या म्हाताऱ्याचं होतं, पण ते पटवायचं कुणी?

आणि मला काय दिसायचं? चहूकडे पांढरं. हातात लाँचचं चाक. हात माझे नव्हते. केसाळ, उजव्या अंगठ्याला दोराचा घट्टा पडलेले. तो घट्टा मी ओळखत होते. पाठीमागे आबा खोकत होते. मग तळाला काहीतरी घासायचं, खर्रर्र, पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडाचं खोड घासावं तसं, आणि अशी भीती दाटायची की मी दातखीळ बसल्यासारखी जागी व्हायचे. दर पहाटे. त्या पहाटे मी त्या लाँचमध्ये नव्हतेच. हे स्वप्न कुणाचं आहे ते सांगायला मला पुण्याच्या बाईंची गरज नव्हती.

स्वप्न म्हणजे पुरावा नव्हे, हे मी स्वतःला बजावलं. माणूस स्वप्नात स्वतःच्या सोयीचंही बघतो. पण भीती? रोहिदास घाबरू शकतो हे मला इतक्या वर्षांच्या ओळखीत कधी दिसलं नव्हतं. आणि मग दुसरा विचार आला आणि माझे कान तापले. मला त्याचं दिसतं, म्हणजे त्याला माझं दिसत असणार. इतके दिवस मी काय काय बघत होते झोपेत! मेल्याला सगळं फुकट बघायला मिळालं होतं.

तेवढ्यात गावकी बसली. नानांच्या बायकोने विषय लावून धरला होता. दुसऱ्याच्या डोक्यातलं आपल्या उशाशी नको, असं निम्म्यांचं म्हणणं. पारूकाकू आणि बाकीचे म्हणत होते, राहू दे, तेवढाच शेजार. शेवटी ठरलं की देवीला कौल लावायचा. दोन्ही काठांची वीज पहाटे एक होऊ द्यायची का? भागोजी गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून शेवंतीची एकेक पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

एकही पडली नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, माणसं ताटकळली. दुसऱ्या दिवशीही दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. "आईनं तोंड मिटलंय," भागोजीकाका हबकून म्हणाले. "कौल लागंस्तवर काय करायचं नाय." काय करायचं नाही म्हणजे वीज जोडायची नाही की तोडायची नाही, यावर पुन्हा वाद झाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तर वाटच बघत होते. "एकदम तोडली तर बॅटऱ्या मरतील," मी म्हणाले. "मी यंत्राला कडक करते. ओढ्याची वीज अगदी सोन्यासारखी आली तरच घेईल. तशी ती येत नाही." हे खरं होतं, पण मी ते वाडीसाठी केलं नाही. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. यंत्रात बाहेरच्या विजेसाठी मर्यादा ठरवता येतात. माझ्या नेहमीच्या मर्यादा सैल होत्या, सायकल सत्तेचाळीस ते त्रेपन्न. छोटं टर्बाइन असतंच हेलकावणारं, पालापाचोळ्यावर, पाण्याच्या लहरीवर. मी मर्यादा केल्या एकोणपन्नास पूर्णांक नऊ ते पन्नास पूर्णांक एक. आणि वीस सेकंदांच्या जागी पाच मिनिटं. एवढा वेळ एवढी स्थिर वीज मोठ्या शहरात मिळते, ओढ्यावर नाही.

पहिल्या पहाटे टक झालं नाही. माझ्या झोपेत माझंच काय ते होतं, तेही आठवलं नाही. दुसऱ्या पहाटेही तसंच. बॅटऱ्या इतक्या उतरल्या की मी पाण्याचा पंप बंद ठेवला. पारूकाकू दिवसभर हिरमुसलेल्या. "लाँच न्हाय आली ग आज," म्हणाल्या. मी त्यांच्यावर उगाच खेकसले आणि मग मला फार वाईट वाटलं. मला स्वतःलाच ते धुकं हवंसं झालं होतं. ज्या स्वप्नातून मी घाबरून उठायचे त्याच्यावाचून मला चैन पडेना, हे मी कुणाला सांगणार होते?

पाचव्या पहाटे मला खेकड्यांची चव लागली.

झोपेतच कळलं, की हे आमच्याकडचं नाही. मग हिरव्या लुगड्यातली ती बाई उन्हात काहीतरी पाखडत होती, एक बैल पाण्यात उभा होता, कुणीतरी मुलं शाळेत सोडत होतं. समोरचा सगळा काठ हळूहळू माझ्यात उतरत होता, एकेक घर. मी त्यात धुकं शोधत राहिले. चाक शोधलं, खोकला शोधला. नव्हतं. सगळे होते आणि तो नव्हता. मी ताडकन उठून बसले. वीज जोडली गेली आहे, आणि समोरच्या काठावर एकच माणूस झोपलेला नाही.

तशीच शाल गुंडाळून वीजघरात गेले. रिले मिटलेला होता. पडद्यावर बाहेरच्या विजेची सायकल होती: ५०.०. मी बघत राहिले. ५०.०. ५०.०. एकदा ५०.१ झाली आणि कुणीतरी हात धरून मागे ओढावं तशी परत आली.

यंत्र सगळ्या नोंदी ठेवतं. मी मागे गेले. पहिल्या पहाटे एकोणीस वेळा वीज आली होती आणि यंत्राने नाकारली होती. एकदा दहा सेकंद टिकली, एकदा बावीस. दुसऱ्या पहाटे चौदा वेळा. तिसऱ्या दिवशी एकदा दोन मिनिटं. चौथ्या दिवशी चार मिनिटं चाळीस सेकंद, आणि मग निसटली. माझ्या मर्यादा काय आहेत हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. आमचा भार पडत नाही, एवढंच त्याला मीटरवर दिसत असणार. पण त्याने माझ्याबरोबर एका बाकावर बसून हेच यंत्र शिकलं होतं आणि त्याला मी ठाऊक होते. टर्बाइनला पाणी कमी-जास्त सोडणाऱ्या दाराचं चाक दोन्ही हातांनी धरून, डोळे मीटरवर लावून, तो दर पहाटे उभा राहिला होता. माझा हट्ट किती अरुंद आहे ते चाचपत होता. आणि आज तो त्यात मावला होता.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आबा गेल्यापासून मी अशी रडले नव्हते.

वायरलेसवर हाक मारली, उत्तर आलं नाही. येणार कसं, दोन्ही हात चाकावर. यंत्राच्या मर्यादा मी पुन्हा पहिल्यासारख्या केल्या, सत्तेचाळीस ते त्रेपन्न, वीस सेकंद. पण हे त्याला कळणार कसं? तो आपला तसाच उभा राहणार.

धक्क्याकडे जाताना वाटेत देऊळ लागतं. उजाडत होतं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर मुंग्यांची काळी रांग लागली होती, पाकळ्यांपासून थेट जमिनीपर्यंत. मी पाकळीच्या कडेला बोट लावून जिभेवर ठेवलं. गोड! भागोजीकाकांनी पाण्याच्या तांब्याऐवजी नैवेद्याच्या गूळपाण्याचा तांब्या घेतला होता. देवीने तोंड मिटलं नव्हतं. आम्हीच तिला चिकटवून ठेवलं होतं. मला हसू आवरेना. काका अंगण झाडत होते. त्यांना ओरडून सांगितलं, "काका, खांदे धुवा आणि दुसऱ्या तांब्यानं परत लावा!" आणि होडीत उडी मारली.

अर्ध्या पाण्यात धुक्याने मला गिळलं. छोटी होडी, मागे इंजिन. मी बेतानेच चालले होते, तरी वाटत होतं, पाऊण किलोमीटर तर आहे, सरळ धरलं की झालं. तोच तळाला घासलं. खर्रर्र.

अगदी तोच आवाज. हात माझ्या आधीच इंजिनावर गेला आणि मी ते बंद केलं. सगळीकडे पांढरं. होडीच्या बाजूला, हातभर अंतरावर, बुडालेल्या झाडाचं खोड पाण्याच्या वर चार बोटं आलेलं, काळं. जरा वेगात असते तर होडी उलटली असती. मी एकटी होते, मला पोहता येतं. माझ्या पाठीमागे कुणी आजारी माणूस झोपलेला नव्हता. तरी मी इंजिन पुन्हा चालू केलं नाही. मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. काठावर कुणी माझी वाट बघत असतं तर त्याला हाक मारून काय सांगितलं असतं? दिसत नाही, एवढंच.

धुकं विरळ झालं तशी वल्हं मारत तळकड्याला लागले.

टर्बाइनच्या खोलीत तो पाठमोरा उभा होता. डोक्याला मफलर, दोन्ही हात दाराच्या चाकावर. पाण्याच्या आवाजात त्याला मी आल्याचं कळलं नसावं. मी जवळ गेले.

"हात काढ," मी म्हणाले.

खांदे हलले, पण मान वळली नाही. नजर मीटरवरच. "काढला तर सायकल हलंल. तुझं यंत्र सोडंल."

"मी मर्यादा सैल करून आले."

"किती?"

"सत्तेचाळीस ते त्रेपन्न."

"येळ?"

"वीस सेकंद."

त्याचे हात तिथेच. पाच पहाटांची सवय बोटांत बसली होती.

"येताना खोड लागलं," मी म्हणाले. "होडीच्या तळाला. मी इंजिन बंद केलं. थांबून राहिले."

तो हळू म्हणाला, "तुझ्या सपनात मी त्या मोठ्या धक्क्यावर उभा आसायचो रोज. लई गार लागतं गं तिथं. मला म्हाईत न्हवतं."

"हात काढ, रोहिदास."

त्याने एकेक बोट सोडवलं. मीटरवरचा आकडा सुटल्यासारखा हलला, ५०.७, ४९.२, ५१.०. आम्ही दोघंही खिडकीतून समोर बघायला लागलो. विरळ धुक्यापलीकडे पिंपरटोकचे अकरा दिवे दिसत होते. एकही लुकलुकला नाही.